गुरुजींची गाडी, काकूंची कंबर: टायर बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

परभणीत माझं व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं दुकान आहे. शॉकअप (धक्के झेलणारे शॉक ॲब्सॉर्बर), बुश, लिंक रॉड अशी खालची कामंही करतो, पण टायर विकत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं सगळी चर्चा टायरची आहे आणि त्यातला एक रुपयाही माझ्या गल्ल्यात पडणार नव्हता. गाडी माझ्या शाळेतल्या गुरुजींची. त्यांना आणि काकूंना विचारूनच लिहितोय, नावं गाळली आहेत.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. २०२२ मध्ये त्यांनी पाच वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक घेतली. मॉडेल सगळ्यात वरचं: टचस्क्रीन, मागचा कॅमेरा आणि १६ इंची चकचकीत अलॉय चाकं. आधीच्या मालकानं गाडी फार फिरवली नव्हती, म्हणून टायरची नक्षीही बरीच शिल्लक. हे सगळं पाहून गुरुजी खूश झाले.

महिन्यातून दोनदा ही गाडी लेकीकडं छत्रपती संभाजीनगरला जाते. जिंतूर, मंठा, जालना करत एका बाजूनं दोनशे किलोमीटरच्या आसपास. २०२३ च्या दिवाळीत काकूंच्या मणक्याची गादी सरकली आणि त्यांचे डॉक्टरही संभाजीनगरचेच निघाले. म्हणजे कंबर दाखवायला जायचं, आणि जाताना तीच कंबर मोडून घ्यायची.

रस्त्याबद्दल इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरचं डांबर तिच्याबरोबर खालीवर होतं, त्यामुळं खड्डा नसलेला रस्ताही लाटांसारखा असतो. उसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या त्यात चाकोऱ्या पाडतात. जिथं सिमेंट झालंय तिथं सांध्यांची टपटप, आणि जिथं काम चालू आहे तिथं मुरमाचा वळणरस्ता. एका प्रवासात हे चारही प्रकार भेटतात.

तक्रार नेमकी कोणती

फेब्रुवारी २०२४ मध्ये गुरुजी दुकानात आले ते टायर घ्यायचं ठरवूनच. पुण्याचा मुलगा फोनवर म्हणाला होता, रुंद टायर टाका, २०५ मिलिमीटरचे. टायरच्या दुकानदारानं सांगितलं होतं, आपल्या रस्त्याला मजबूत टायर पाहिजे, जाड कापडाचा. जावयाचं मत, गाडीच विका आणि उंच गाडी घ्या. गुरुजींच्या वहीत तिन्ही मतं व्यवस्थित आकडे टाकून लिहिलेली.

काकू गाडीतच बसून होत्या. मी खिडकीशी जाऊन विचारलं, काकू, नेमकं काय होतं?

"लई आदळायली रे गाडी. ह्यांना विचार, हे पुढं बसतेत, ह्यांना काही कळत नाही."

हीच त्या दिवशीची सगळ्यात कामाची माहिती होती. वहीत तिघांची मतं होती. ज्यांच्या कंबरेसाठी हा खर्च, त्यांचं एक अक्षर नव्हतं.

गाडी आरामदायी नाही, या तक्रारीत मला तीन वेगळ्या तक्रारी दिसतात. गिऱ्हाईक आलं की त्या आधी वेगळ्या करून घेतो. पहिला गचका: खड्ड्याच्या कडेवर, गतिरोधकावर बसणारा कोरडा दणका. त्याचा संबंध मुख्यतः हवेशी आणि टायरच्या बाजूच्या उंचीशी. दुसरी थरथर: ठरावीक वेगाला सुरू होणारी बारीक कंपनं. ती बहुधा बॅलन्सिंगची, वाकलेल्या रिमची किंवा टायर एका जागी झिजल्याची. तिसरं डुलणं: एक हेलकावा बसला की गाडी दोन-तीनदा वरखाली होत राहते. ते शॉकअपचं. टायर बदलून तिसरी तक्रार जात नाही, दुसरी अर्धी जाते आणि पहिली जाते, पण त्याआधी हवा बघितलेली असेल तरच.

काकूंना मी हे तीन शब्द दिले. त्यांनी जराही न थांबता सांगितलं: गचका सगळ्यात जास्त, त्याखालोखाल डुलणं, थरथर आहे, पण तिचं काही नाही.

पहिली तपासणी

दारावरचं स्टिकर आधी वाचलं. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर चिकटवलेलं असतं, आणि दहातल्या नऊ मालकांनी ते वाचलेलं नसतं. या गाडीला कंपनीनं पुढं-मागं ३३ पॉइंट (पीएसआय) हवा सांगितली होती. चाकं थंड होती, कारण गाडी रात्रभर उभी राहून घरापासून जेमतेम एक किलोमीटर आली होती. माझ्या गेजवर आकडे आले ४२, ४०, ४३ आणि ३८.

गुरुजी म्हणाले, पंपावरचा पोरगा चाळीस टाकतो. हवा टाइट असली की ॲव्हरेज मिळतं. ॲव्हरेज थोडं मिळतही असेल. पण ४० च्या वर हवा असलेला टायर दगडासारखा वागतो. खड्ड्याची कड आली की रबरानं दबायचं असतं. ते दबलं नाही की तो दणका वरच्या माणसाला.

मग टायरची बाजू. त्यावर लिहिलं होतं १९५/५५ आर १६. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिलिमीटर, आणि रिम १६ इंची. पलीकडं लंबगोलात चार आकडे होते, २३१७: २०१७ सालातला तेविसावा आठवडा. साडेसहा वर्षांचे टायर! नक्षी साडेतीन मिलिमीटर शिल्लक होती, कायद्यानं १.६ पर्यंत चालतं, म्हणून कुणी हटकलं नसतं. पण बाजूला केसासारख्या बारीक भेगा, आणि रबरात नख रुतत नव्हतं. टायर कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढा. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो आणि गाडी अंगणातच उन्हात उभी. त्यात रबर आणखी लवकर कडक होतं. कमी फिरलेली गाडी म्हणून गुरुजींना जे टायर नव्यासारखे वाटत होते, ते वयानं म्हातारे होते.

बाकी दोन गोष्टी निघाल्या. पुढच्या डाव्या अलॉयची कड आतून वाकलेली, थरथर तिथून. मागच्या डाव्या शॉकअपमधून तेल गळून धूळ चिकटलेली, डुलणं तिथून. दोन्ही डावीकडंच का, असं गुरुजींनी विचारलं. समोरून ट्रॅव्हल्स आली की आपण डावीकडं सरकतो आणि डांबराची तुटकी कड डाव्याच चाकांच्या वाट्याला येते.

स्टेपनीची हवाही बघितली, १८ निघाली, ती वाढवली आणि वहीत नोंद केली. या नोंदीकडं पुढं परत यायचं आहे.

पहिला निर्णय: आज टायर घ्यायचे नाहीत

गुरुजींना हे फारसं आवडलं नाही. पैसे घेऊन आले होते. पण चारही गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर कशानं किती फरक पडला ते कधीच कळलं नसतं. म्हणून क्रम ठरवला: आधी हवा, ती फुकट. मग शॉकअप. टायर शेवटी.

मोजायचं कसं, हा प्रश्न होता. जिंतूर रोडवर दोन किलोमीटरचा एक पट्टा ठरवला. त्यात थोडं सिमेंट, थोडं फुटकं डांबर आणि दोन गतिरोधक. वेग ताशी ४०, गाडीत तीच तीन माणसं, काकू मागं डाव्या सीटवर. गुरुजींनी त्यांच्या स्वभावाप्रमाणं गुणपत्रिका काढली: दहापैकी गुण, परीक्षक काकू.

४० च्या हवेवर काकूंनी २ दिले. ३३ वर ४.

दोन गुण फुकट आले! गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. टायरचा विषय महिनाभर पुढं ढकलायचं ठरलं आणि ते घरी गेले.

मधला अपघात

इथं चूक माझी आहे. ३३ का, हे मी नीट सांगितलं. त्याच्या खाली का जायचं नाही, हे सांगायचं राहिलं.

गुरुजींनी सरळ हिशेब केला. सात पॉइंट कमी केल्यावर दोन गुण वाढले, तर आणखी पाच कमी करू. त्यात पंपावर कुणीतरी दुजोरा दिला की उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी, गरम होऊन टायर फुटत नाही. ही समजूत आपल्याकडं घरोघरी आहे आणि ती बरोबर उलटी आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकल्यामुळं तापते, आणि टायर फुटतो तो बहुतेकदा या तापण्यानं. समृद्धीसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर, जिथं कारला १२० ची मुभा आहे, तिथं कमी हवेचा जुना टायर घेऊन जाणं म्हणजे विस्तवाशी खेळ. प्रवासात हवा तापून तीन-चार पॉइंट वाढते ती वाढू द्यायची असते, कंपनीनं तो हिशेब धरलेला असतो. गरम टायरची हवा सोडायची नसते.

मार्चच्या शेवटी चार माणसं आणि सामान घेऊन गाडी संभाजीनगरला जाऊन आली. हवा २८. प्रवास मऊ झाला म्हणून सगळे खूश. परतीला मंठ्याच्या अलीकडं वळणरस्त्यावर एक खड्डा बसला. दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडं आली तेव्हा मागच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा होता. हवा कमी असली की खड्ड्यात टायर रिम आणि दगडाच्या मधोमध चेचला जातो आणि आतले दोरे तुटतात. असा टायर दुरुस्त होत नाही. तो कधीही जाऊ शकतो.

म्हणजे सावकाश घ्यायचा निर्णय आता चार दिवसांत घ्यायचा होता. पुढच्या सोमवारी काकूंची डॉक्टरांकडं वेळ ठरलेली.

समोरचे पर्याय

फुगलेल्या टायरच्या जागी स्टेपनी लावायला मी डिकी उघडली, आणि तिथं थबकलो. स्टेपनी काळ्या स्टीलच्या डिस्कवर, म्हणजे साध्या रिमवर होती आणि टायरवर माप होतं १८५/६५ आर १५. बऱ्याच गाड्यांना कंपनी वरच्या मॉडेलमध्ये चार अलॉय देते आणि स्टेपनी मात्र खालच्या मॉडेलच्या मापाची टाकते. महिन्यापूर्वी याच स्टेपनीची हवा मी बघितली होती, वहीत आकडा लिहिला होता, आणि माप डोळ्यांसमोर असून वाचलं नव्हतं.

दुकानातल्या कागदावर हिशेब मांडला. १८५ च्या ६५ टक्के म्हणजे बाजूची उंची १२० मिलिमीटर. सध्याची १०७. तेरा मिलिमीटर जास्त रबर, करंगळीच्या जाडीएवढं. पूर्ण चाकाची उंची मात्र जवळजवळ तीच: जुनं ६२०.९ मिलिमीटर, हे ६२१.५. म्हणजे स्पीडोमीटर चुकणार नाही, चाक कुठं घासणार नाही. रिम लहान झाली आणि ती जागा रबरानं घेतली, एवढंच. दारावरच्या स्टिकरवर हे माप दुसऱ्या ओळीत छापलेलंही होतं, हवा तीच ३३. त्यामुळं विम्याचा किंवा आरटीओचा प्रश्न नाही. कंपनीनं स्वतः दिलेलं माप.

आता वहीतली मतं एकेक करून तपासता आली.

मुलाचं २०५/५५ आर १६: रुंदी दहा मिलिमीटर वाढते, पण बाजूची उंची फक्त साडेपाच. रुंद टायर म्हणजे मऊ टायर, हा समज कुठून आला कोण जाणे. चाक जड होतं, स्टेअरिंग जड होतं, आणि काकूंच्या पदरात फार काही पडत नाही. मी फोनवर सांगितलं तेव्हा मुलगा जरा नाराज झाला. त्याला गाडी दिसायला भारदस्त हवी होती.

त्यानंच मग सुचवलं की १६ चीच रिम ठेवून १९५/६० घ्या, बाजू उंच होईल. होईल, ११७ मिलिमीटर. पण चाकाची एकूण उंची तीन टक्क्यांनी वाढते. स्पीडोमीटर खरा वेग आहे त्यापेक्षा कमी दाखवणार, आणि गाडी भरली की मागच्या कमानीला घासण्याची शक्यता. स्टिकरवर हे माप नाही. सोडून दिलं.

दुकानदाराचा मजबूत टायर: त्यानं काढून दाखवला त्यावर एक्सएल लिहिलं होतं, म्हणजे जास्त वजनासाठी बाजू कडक केलेला. गाडीत कायम पाच माणसं आणि वर कॅरिअर असेल तर ठीक आहे. इथं तो पैसे देऊन गचका विकत घेण्यासारखा झाला असता.

त्याच मापात मऊ टायर घेणं, हा पर्याय खरंच चांगला होता. चार टायरचे ३१,६०० आणि बाकी कामं. अलॉय राहिले असते, गाडीचा तोरा राहिला असता. पण वाकलेली रिम सरळ करायला लागली असती, आणि १०७ मिलिमीटरला कितीही मऊ रबर लावलं तरी ते १०७ च.

जावयाचा पर्याय, गाडी विकणं, गुरुजींनी वहीत स्वतःच खोडला होता. पेन्शन, म्हणाले.

दुसरा निर्णय: डिस्क आणि १५ इंची टायर

माझा कल स्पष्ट होता, पण गुरुजींची अडचण वेगळी. चकचकीत अलॉय काढून काळ्या डिस्क लावायच्या? लोक काय म्हणतील? अलॉय विकून पेन्शनर झाले म्हणतील. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडं गाडी दारात उभी असते ती सगळ्या गल्लीला दिसावी म्हणूनही असते.

काकू दुकानातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही दोघं रिमा बघायलाव. माझी कंबर कोण बघायलंय?"

गुरुजींनी वही मिटली.

टायर कोणता घ्यायचा हे राहिलं. दुकानात एमआरएफ, अपोलो, ब्रिजस्टोन, मिशेलिन, योकोहामा सगळे होते. गुरुजींना गुडइयर हवा होता, कारण त्यांचा कारखाना वाळूजला आहे आणि आपला माल आपण घ्यावा. भावना चांगली आहे. कोणता घेतला त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकाच कंपनीचं एक मॉडेल मऊ बाजूचं असतं आणि दुसरं कडक. कंपनी मऊ किंवा कडक असते, हे बोलणं चुकीचं आहे. बाजूवर काय लिहिलंय ते वाचावं.

आम्ही वाचलं ते असं. ८८ एच: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत वजन, जुन्या ८७ ला ५४५ होतं, म्हणजे इथं उलट वाढलंच. एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. गुरुजी ८० च्या वर जात नाहीत. दुकानदार एका व्ही अक्षराच्या, २४० च्या टायरचं कौतुक सांगत होता, ते ऐकून घेतलं. मग बारीक अक्षरातली कापडाची ओळ: बाजूत पॉलिएस्टरचा एक थर की दोन. एक थर जास्त लवचिक, पण दगडाची धार लागली तर लवकर कापला जातो.

इथं थोडं थांबलो. मऊपणाच हवा तर एक थराचा घ्यायचा, असं गुरुजींचं म्हणणं. पण तेरा मिलिमीटर उंचीनं मऊपणा आधीच मिळालेला होता. मुरमाच्या वळणरस्त्यावर काकूंना घेऊन, रात्री, टायरची बाजू फाटणं परवडणारं नव्हतं. दोन थरांचा, एक्सएल नसलेला, लांबच्या प्रवासासाठीच्या नक्षीचा घेतला. सगळ्यात मऊ टायर हवा होता आणि तो घेतला नाही, याचं मला आजही काही वाटत नाही.

बसवण्याचा दिवस

डिस्क नवीनच मिळाल्या, पण दुकानातून नाही. लोक नवी गाडी घेतली की स्टीलच्या डिस्क काढून अलॉय टाकतात आणि त्या डिस्क कोपऱ्यात पडून राहतात. ओळखीच्या ॲक्सेसरीवाल्याकडं याच गाडीच्या चार होत्या, २,१०० ला एक. बोल्टची संख्या आणि अंतर, मधलं भोक, आतली खोली जुळते ना ते बघितलं. एक डिस्क पुढं लावून हातानं फिरवली, ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही याची खात्री केली, स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं. नट काही गाड्यांना अलॉयचे वेगळे असतात. इथं तेच चालले.

टायर आले तेव्हा मी चारही उलटून आकडे वाचले. दोनांवर ४०२३, दोनांवर २८२१. दुकानदाराचं म्हणणं, सगळे नवेच आहेत, कागदसुद्धा निघालेला नाही. त्याचं अगदीच खोटं नव्हतं. सावलीत नीट ठेवलेला टायर दोन-तीन वर्षांत खराब होत नाही. पण आमची मूळ तक्रारच कडक झालेल्या रबराची होती आणि पैसे सारखेच द्यायचे होते. तास-दीड तास बसलो, चहा झाला, गोदामातून २०२३ चे आणखी दोन आले.

नवे व्हॉल्व, बॅलन्सिंग, मागचे दोन्ही शॉकअप जोडीनं बदलले, मग अलाइनमेंट. नट हातपान्यानं घट्ट केले आणि शंभर किलोमीटरनंतर परत बघायला बोलावलं. गडबडीत शॉकअप आणि टायर एकाच दिवशी झाले, म्हणून मी आधी शॉकअप लावून जुन्या चाकांवर, फुगलेल्या टायरच्या जागी स्टेपनी ठेवून, त्या दोन किलोमीटरच्या पट्ट्यावर एक फेरी मारली. काकूंचे ५ गुण. संध्याकाळी नव्या टायरवर दुसरी फेरी.

साडेसात.

मी म्हटलं, काकू, दहा कधी? "दहा द्यायला रस्ता नवा लागतो." गुणपत्रिकेच्या खाली गुरुजींनी हे वाक्य लिहून ठेवलं आहे.

हिशेब

टायर २४,८००, डिस्क ८,४००, व्हील कॅप १,२००, बसवणं-बॅलन्सिंग-अलाइनमेंट १,४००, शॉकअपची जोडी मजुरीसकट ४,६००. एकूण ४०,४००. अलॉय जुन्या टायरांशिवाय एका तरुणानं १५,००० ला घेतले. वाकलेला कोणता ते त्याला दाखवून, त्याचे पैसे कापूनच. हातचे गेले २५,४००. त्याच मापाचे टायर घेतले असते तर ३७,६०० गेले असते, रिमची दुरुस्ती वेगळी.

वर्षभरानं

गचका गेला आहे. गेला म्हणजे आवाज येतो, पण दणका वर पोचत नाही. सिमेंटच्या सांध्यांची टपटप कमी झाली, संपली नाही. वळणावर गाडी आधीपेक्षा जरा सैल वाटते, हे गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि ते खरं आहे. उंच बाजू वळणावर थोडी मुडपते. मुलगा दिवाळीत गाडी घेऊन गेला तेव्हा त्याला हे अजिबात आवडलं नाही. ॲव्हरेज वहीप्रमाणं १८.१ वरून १८.६ झालं आहे. गुरुजी त्याचं श्रेय टायरला देतात. मला वाटतं अलाइनमेंट आणि त्यांचा सावकाशपणा दोन्ही त्यात आहेत.

एक गुण मात्र टायरमुळं आलेला नाही. मे महिन्यात मी काकूंना पुढं बसायला सांगितलं. छोट्या गाडीत मागची सीट जवळजवळ मागच्या चाकांवरच येते, पुढची दोन चाकांच्या मधे. हेलकावा मधे कमी लागतो. इतकी वर्षं त्या मागं का बसत होत्या? पुढं सामानाची पिशवी ठेवायची सवय. डॉक्टरांना विचारून पाठीशी टॉवेलची गुंडाळी घेतली, सीट थोडी मागं कलवली. साडेसातचे साडेआठ झाले, खर्च शून्य. हे मी फेब्रुवारीतच सुचवायला हवं होतं.

हवेचं गेज गुरुजींनी स्वतःचं घेतलं, ४५० रुपयांचं. डिसेंबरच्या एका सकाळी त्यांचा फोन आला, चारही चाकांत २८ आहे, पंक्चर कसं काय एकदम चारही? पंक्चर नव्हतं. त्या दिवशी परभणीत हाडं गोठवणारी थंडी होती. सहा अंशांना साधारण एक पॉइंट धरला तर उन्हाळ्यातल्या दुपारी भरलेली हवा हिवाळ्यातल्या पहाटे पाच पॉइंटनं उतरते. आता ते दर पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी हलवायच्या आधी बघतात.

काय वेगळं करता आलं असतं

तीन गोष्टी मला टोचतात. खालची मर्यादा न सांगता मी गुरुजींना वरची चूक सुधारायला सांगितलं, आणि एक टायर त्यात गेला. तो टायर तसाही बदलायचाच होता म्हणून पैशाचं नुकसान झालं नाही, पण तो फुगवटा परतीच्या वाटेतच फुटला असता तर हे लिहायला मी बसलो नसतो. दुसरी, स्टेपनीचं माप. ते पहिल्या दिवशी वाचलं असतं तर घाईत चार दिवसांत डिस्क शोधत फिरायची वेळ आली नसती.

तिसरी गोष्ट पाचव्या टायरची. चार घेतले, स्टेपनी तीच ठेवली, कारण ती कधी रस्त्याला लागलीच नव्हती आणि गुरुजींना सहा हजार जास्त वाटत होते. मीही जोर केला नाही. जुलैत जिंतूरच्या पुढं पंक्चर झालं, पावसात स्टेपनी लावली, आणि घरी येईपर्यंत तिच्या बाजूच्या भेगा उघड्या पडल्या होत्या. वय फक्त रस्त्यावरच नाही, डिकीतही वाढतंच.

गुरुजी म्हणाले, दिवाळीनंतर घेऊ. मग लेकीच्या घराची वास्तुशांत आली. काल गाडी अलाइनमेंटला आली होती. डिकी उघडून बघितलं, २०१७ चाच आहे.